चिंच-मीठ आणि एक शिवराई

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत माझ्या मराठीच्या वह्या बाईंच्या लाल पेनाने इतक्या रंगायच्या की घरी दाखवायची सोय नव्हती. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला अजूनही अंदाजपंचेच जमतं. तेव्हा संपादक मंडळाला विनंती की वेलांट्या तुम्हीच सुधारून घ्या. पुढे लेखात वेलांट्यांचाच एक मुद्दा येणार आहे, म्हणून ही कबुली आधी देऊन टाकलेली बरी.

विषय असा आहे. हॉस्टेलच्या मेसमध्ये गेला महिनाभर एक प्लॅन शिजतोय. डिसेंबरात सबमिशन आणि ओरल संपली की आठ-दहा जणांनी एका गडावर जायचं, रात्री मुक्काम करायचा आणि मी मिनी प्रोजेक्टसाठी बनवलेला मेटल डिटेक्टर बरोबर न्यायचा. "अगं, शिवरायांच्या काळातली नाणी मिळतील, विचार कर!" हे मला निदान पाच वेळा ऐकवून झालं. मी नाही म्हटलं, तर "भाव खातेय" असं ठरलं. आता एकेकाला तोंडी समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. रागवायचं त्यांनी खुशाल रागवा, पण शेवटपर्यंत वाचून.

डिटेक्टर तसा साधा आहे. बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर, म्हणजे बीएफओ. दोन ऑसिलेटर जवळजवळ एकाच फ्रिक्वेन्सीवर चालवायचे, साधारण शंभर किलोहर्ट्झवर. एक स्थिर, दुसऱ्याला वीस सेंटिमीटर व्यासाची कॉइल. कॉइलखाली धातू आला की इंडक्टन्स बदलतो, फ्रिक्वेन्सी सरकते आणि दोघांतला फरक हेडफोनमध्ये ऐकू येतो. लोखंडाला आवाज एका बाजूला जातो, तांब्या-पितळेला दुसऱ्या. निदान पुस्तकात तरी असंच आहे. शेतात सगळंच कुईं करतं. पार्ट्स बुधवारात, पासोड्या विठोबापाशी घेतले, कॉइल हॉस्टेलच्या बादलीभोवती गुंडाळली आणि दांडा म्हणून पीव्हीसी पाइप. एकट्या नाण्याला रेंज तीन-चार इंच, तीही ते आडवं पडलेलं असेल तर. व्हायवाला एक्स्टर्नल सर म्हणाले, "फील्ड टेस्ट कुठे आहे?" म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी तो गावाला नेला.

गाव सातारा जिल्ह्यात. काकांचं एक शेत जुन्या बाजारवाटेला लागून आहे. आता ती वाट कुणी वापरत नाही, पण आजी सांगते की तिच्या सासूबाई आठवड्याच्या बाजाराला तिथूनच जायच्या. काकांनी नुकतीच नांगरट करून ठेवली होती. चार दिवस मी आणि माझा चुलतभाऊ ऊन डोक्यावर घेऊन फिरलो. हाती काय आलं? खिळे, बैलाच्या नालाचे तुकडे, फाळाचा मोडका टोक, गुटख्याच्या चंदेरी पुड्या (यांना डिटेक्टर फार जोरात ओरडतो, हा माझा प्रोजेक्टमधला एकमेव मूळ शोध), सोडा-बाटल्यांची असंख्य झाकणं. आणि बांधाजवळ, हातभर अंतरात, चार जाड, हिरवे, मातीने माखलेले गोळे.

ते हातात घेतले तेव्हाच कळलं की झाकणं नाहीत. वजन वेगळं लागतं. एका गोळ्यावर नखाने माती सारली तर "श्री" सारखं काहीतरी दिसलं. भाऊ ओरडलाच, "शिवराई!"

शिवराई कोणाला माहीत नसेल तर, आणि आमच्या ब्रँचमध्ये अशी मंडळी आहेत, थोडक्यात सांगते. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हापासून शिवाजी महाराजांच्या नावाने पाडलं गेलेलं तांब्याचं नाणं. सोन्याचा होन होता, पण तो किती जणांच्या हाती येणार? बाजारात फिरली ती शिवराई. वजन साधारण अकरा ते तेरा ग्रॅम. एका बाजूला तीन ओळींत श्री / राजा / शिव, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्र / पति. सगळीकडे फारसी अक्षरांची नाणी चालत असताना हे देवनागरीतलं. आणि महाराजांनंतरही हे नाणं थांबलं नाही. छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात, पुढे कंपनी सरकारचा अंमल आला तरी, निरनिराळ्या टांकसाळींतून त्याच नावाने निघत राहिलं. म्हणजे शिवराई सापडली याचा अर्थ थेट महाराजांच्या काळातली सापडली असा होत नाही. ती कधीची आणि कुठली, हे अक्षरांच्या वळणावरून, ओळींच्या मध्ये मारलेल्या रेघांवरून (त्या दोन रेघांवरूनच दुदांडी हे नाव), कडेच्या ठिपक्यांवरून आणि स्पेलिंगवरून ओळखायचं असतं. हो, स्पेलिंग! ठसे खोदणारे कारागीर माझ्यासारखेच होते. शिव, सिव, सीव असं कसंही आढळतं. ज्याच्यासाठी मला सात वर्षं लाल शेरे मिळाले, त्यावरून इतिहासवाले नाण्याचे प्रकार लावतात.

हे सगळं मला आता माहीत आहे. मे महिन्यात माहीत नव्हतं. मला फक्त ते वाचायचं होतं, आणि खरं सांगायचं तर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा होता. मळलेल्या, हिरव्या गोळ्याचा फोटो कोण बघणार?

म्हणून मी घासलं.

आजी तांब्याचा गडवा घासते तसंच. चिंचेचा कोळ, वर जाडं मीठ आणि नारळाची शेंडी. दहा मिनिटांत हिरवं सगळं निघालं, खालून काळं निघालं, मग लालसर, आणि शेवटी नवीन वायरसारखा गुलाबी-केशरी तांब्याचा तुकडा. चकाकत होता. मी धावत आजीकडे नेला. आजीने तो उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि म्हणाली, "पोरी, ह्याच्यावरचं कुठं गेलं?"

मघाशी दिसलेला "श्री" नव्हता. एका बाजूला एक उभी रेघ आणि एक काना. दुसरीकडे खड्डेच खड्डे.

मला वाटलं, नाणंच झिजलेलं असणार. दुसरं नाणं मी हॉस्टेलवर "सायंटिफिक" पद्धतीने केलं. बारा व्होल्टचा ॲडॉप्टर, पाण्यात धुण्याचा सोडा, नाणं कॅथोडला आणि स्टीलचा चमचा ॲनोडला. (चमचा मेसचा होता, माफी असावी. शिवाय स्टील ॲनोडला लावणं हे आरोग्यालाही बरं नाही, त्यातून क्रोमियम पाण्यात उतरतं, हे मला नंतर कळलं. कोणी करू नका.) अर्ध्या तासाने नाण्यावरचं कवच चिखलासारखं सुटून आलं आणि त्याच्याबरोबर अक्षरंही. ग्लासच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता. महाराजांचं नाव मी बेसिनमध्ये ओतून दिलं, असं म्हटलं तर नाटकी वाटेल, पण घडलं ते तसंच.

तेव्हा कुठे मी फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीच्या मॅडमकडे गेले. ज्या करोजनच्या युनिटला आम्ही सगळे ऑप्शनला टाकतो, तो त्यांनी मला व्हरांड्यात उभ्या उभ्या पुन्हा शिकवला, आणि या वेळी समजला.

तांबं जमिनीत पडलं की त्याचा पृष्ठभाग आधी क्युप्रस ऑक्साइड होतो, तो लालसर क्युप्राइटचा थर. त्यावर जमिनीतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून हिरवा बेसिक कार्बोनेट चढतो, त्याचं नाव मॅलकाइट. आपण त्याला गंज म्हणतो, घाण म्हणतो. पण गंमत अशी की हे थर नुसते नाण्याच्या वर चढलेले नसतात, ते नाण्यातूनच बनलेले असतात. वरचं तांबं खर्च होऊन तो थर तयार होतो. म्हणजे टांकसाळीत ठसा मारला तेव्हाचा जो पृष्ठभाग, त्याची नक्षी आता बऱ्याचदा धातूत नसते, त्या थरातच असते. खालचं तांबं तर कधीच खड्ड्याखड्ड्यांचं झालेलं असतं. चिंचेतलं टार्टारिक ॲसिड, लिंबातलं सायट्रिक, व्हिनेगरमधलं ॲसेटिक, तिघंही ऑक्साइड आणि कार्बोनेट झकास विरघळवतात. म्हणून तर गडवा लखलखतो. गडव्याला ते ठीक आहे, त्यावर वाचायचं काही नसतं आणि तो दर आठवड्याला घासला जातो, थर जमायला वेळच मिळत नाही. नाण्यावरचा थर काढला म्हणजे मळ काढला नाही, पानच फाडलं.

मॅडमनी विचारलं, "मीठ घातलं होतंस?" मी हो म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. का, ते जुलैत कळलं.

जुलैमध्ये आमच्या रूमची हवा कशी असते ते लेडीज हॉस्टेलच्या मैत्रिणींना सांगायला नको. टॉवेल चार दिवस वाळत नाही. चिंचेने घासलेलं ते चकचकीत नाणं मी कापसात गुंडाळून कंपासपेटीत ठेवलं होतं. एक दिवस उघडलं तर त्यावर फिकट हिरव्या पावडरचे टिपके. पुसले, गेले. आठवड्याने पुन्हा आले, आणि खाली टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. याला इंग्रजीत ब्रॉन्झ डिसीज म्हणतात, पण नुसत्या तांब्यालाही होतो. मिठातला क्लोराइड तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड बनवतो, तो आतल्या भेगांत दडून राहतो. हवेत ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचा हिरवा बेसिक क्लोराइड होतो आणि बरोबर हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. ते ॲसिड पुन्हा ताजं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड, पुन्हा ओल. चक्र चालूच. समुद्राकाठच्या जमिनीतून निघालेल्या नाण्यांना हा आजार निसर्गानेच जडलेला असू शकतो. माझ्या नाण्याला मी चमच्याने मीठ भरवून जडवला. जमिनीत इतकी वर्षं शांत पडून राहिलेली वस्तू माझ्या कंपासपेटीत दोन महिन्यांत सडायला लागली.

ओळखायची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गडद हिरवा किंवा काळपट, घट्ट, गुळगुळीत थर म्हणजे नाणं ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. फिकट, भुसभुशीत, बोटाला लागणारी आणि पुसूनही परत येणारी पावडर म्हणजे आजार. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या फेकू नका. हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली तर हे चक्र बहुतेक थांबतं. संग्रहालयांतली मंडळी यापुढे जाऊन बेंझोट्रायाझोल वगैरे वापरतात, पण ते विषारी आहे, फ्यूम हूड आणि ग्लव्हजशिवाय त्याच्या वाटेला जायचं नाही. ऑलिव्ह ऑइलमध्ये सहा महिने भिजत ठेवा असा सल्ला सगळीकडे फिरतो. तेल सौम्य वाटतं, पण तेलातही फॅटी ॲसिड असतंच. हळू का होईना, थर खातंच आणि वर चिकट राहतं.

आता तुम्ही म्हणाल, उरलेल्या दोन नाण्यांचं काय झालं?

त्यांना मी काहीच केलं नाही, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणलं. नाणी वेगवेगळ्या वाट्यांत बुडवली, रोज पाणी बदललं. पहिले आठ दिवस नुसती माती. मग सोल्डरिंग तपासायच्या भिंगाखाली धरून बाभळीच्या काट्याने, अक्षराच्या कडेकडेने, मऊ झालेली माती तेवढी उचलली. काटा तांब्याला ओरखडा काढत नाही, सुई काढते. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. हिरव्या थराला धक्का लावायचा नाही, हा एकच नियम. एके रात्री, उद्या सिग्नल्सची टेस्ट असताना, एका नाण्यावर काना, मग ज, मग खाली एक स, आणि त्याच्यामागे एक वेलांटी उभी राहिली. राजा. सिव. शहामृगी श नाही, साधा सबनीसाचा स! मी मोठ्याने हसले तेव्हा रूममेट दचकून उठली.

तोच थर, तोच हिरवा रंग, ज्याला मी मे महिन्यात घाण समजून शेंडीने खरवडला होता. पहिल्या दोन नाण्यांवर शिव होतं की सिव की सीव, रेघा होत्या की नव्हत्या, हे आता मला, काकांना, कोणालाच कधी कळणार नाही. पुण्यात एका जुन्या नाणेसंग्राहक काकांना मी चारही दाखवली. त्यांनी चकचकीत दोन बोटाने बाजूला सारली. काही बोलले नाहीत. नाही म्हणायला एक प्रश्न विचारला, "चारही एकाच जागी होती ना? कशी पडली होती, एकावर एक की पसरून?" मला आठवेना. मी चारही एकाच मुठीत उचलली होती.

हा प्रश्न मला घासण्यापेक्षाही जास्त लागला. म्हणून एक उदाहरण देते. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळ एका हौशी डिटेक्टरवाल्याला शेतात मडक्याचा काठ लागला, आत रोमन नाणी. त्याने काय केलं? थांबला. माती परत लोटली आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं, कुठल्या थरातलं नाणं कुठलं ते नोंदवत. एकूण ५२,५०३ नाणी निघाली. त्यांतली सर्वांत अलीकडच्यांपैकी, कॅरॉसियस नावाच्या राजाची, साडेसातशेहून जास्त होती, आणि त्यांतली बरीचशी वर नाही तर मडक्याच्या बऱ्याच खाली सापडली. म्हणजे हे मडकं वर्षानुवर्षं थोडं थोडं भरलेली गल्ल्याची पेटी नव्हती. नवी-जुनी नाणी एकदमच ओतलेली होती. नाणी काढून ढीग केला असता तर हे कळलंच नसतं. तिकडे १९९७ पासून सरकारच्या मदतीने एक नोंदणी योजना चालते, लोक सापडलेली वस्तू स्वतःहून दाखवायला आणतात, आणि पंधरा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. तिथेही चोरून खणणारे आहेतच, सगळे साधू नाहीत. पण दाखवायला जायचं कुठे, हे निदान माणसाला माहीत असतं.

आपल्याकडे काय आहे? १८७८ चा कायदा. भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही मौल्यवान वस्तू सापडली की शक्य तितक्या लवकर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वाटेत पडलेली नाणी म्हणजे "दडलेली" का, यावर वकील लोक वाद घालोत. पण शिवराईची किंमत आज दहा रुपयांवर आहे याबद्दल वाद नाही. कळवल्यावर चौकशी होते, कोणी मालक पुढे आला नाही तर वस्तू सापडवणाऱ्याची, किंवा जमीन दुसऱ्याची असेल आणि त्याने हक्क सांगितला तर तीन चतुर्थांश-एक चतुर्थांश वाटणी. सरकारला हवी असेल तर सरकार घेतं आणि मोबदला देतं. किती? वस्तूत असलेल्या धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा.

हे कलम वाचून मी थक्क झाले. अकरा ग्रॅम तांब्याची किंमत अधिक वीस टक्के! एक कटिंग चहा येईल. सोन्याच्या होनाला हा हिशोब थोडाफार चालेल, तांब्याच्या नाण्याला काय चालणार? कायद्याच्या नजरेत माझी घासलेली, सडकी शिवराई आणि ती "सिव"वाली शिवराई यांची किंमत सारखीच, कारण दोन्हींत तांबं सारखंच. मग शेतकऱ्याने नाणं घेऊन तहसीलच्या खेपा का घालाव्यात? तो ते घासून, चकचकीत करून बाजारात देऊन टाकतो. पुण्यात जुन्या बाजारात बुधवार-रविवारी बसणाऱ्यांकडे अशी गुलाबी तांब्याची शिवराई मी स्वतः पाहिली आहे. कुठली विचारलं तर उत्तर येतं, "गावाकडची." कुठलं गाव? कुठली जागा? ते त्यालाही माहीत नसतं. घासणं आणि लपवणं हे एकाच कारणाने होतं असं माझं मत आहे, आणि ते कारण फक्त लोकांचं अज्ञान नाही. कायदा पाडून नवा करा, मोबदला वस्तूच्या खऱ्या किमतीवर द्या, तालुक्याला एक तरी माणूस ठेवा जो नाणं पाहून फोटो काढेल, जागा नोंदवेल आणि जमेल तिथे नाणं परतही देईल, तर निम्मी चिंच वाचेल.

पण गडाचं वेगळं आहे, आणि इथे मी मित्रांशी भांडणार. काकांचं शेत हे काकांचं शेत आहे. संरक्षित किल्ल्यावर परवान्याशिवाय उत्खनन हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, "फक्त तीन इंच खणू" याला अर्थ नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले तेव्हा आपल्याच हॉस्टेलवर ढोल वाजले होते, डीपी बदलले होते. तेच डीपी लावलेली मंडळी आता मला विचारतायत, "रात्री आवाज येईल का गं डिटेक्टरचा? हेडफोन आहे ना?" अरे, म्हणजे लपून करायचं काम आहे हे तुम्हालाही कळतंय!

आणि समजा सापडलं एखादं. तुम्ही काय कराल ते मला माहीत आहे, कारण मी तेच केलं.

एक गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी, नाहीतर आजीवर अन्याय होईल. आमच्या देवघरात एक शिवराई आहे, आजीच्या सासूबाईंच्या वेळेपासूनची. आजी ती दर सणाला चिंचेने घासते, हळद-कुंकू वाहते. ती इतकी गुळगुळीत झालीय की अक्षर एकही उरलेलं नाही. शिवराई आहे हे फक्त सांगोवांगी. तिच्या बाबतीत मी एक शब्द बोलणार नाही. ती कधी जमिनीत नव्हतीच, हातातच होती, आणि तिच्यावर हात फिरले तोच तिचा इतिहास. माझ्या एका मित्राला हे डबल स्टँडर्ड वाटतं. वाटू दे. जे माणसांच्या हातून झिजलं ते आणि जे मी हौसेखातर दहा मिनिटांत उडवलं ते, मला सारखं वाटत नाही.

हॉस्टेलमध्ये ज्यांच्या घरी, शेतात, पाया खणताना अशी नाणी निघाली असतील, आणि निघतात, त्यांना एवढंच: घासू नका, साबण नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर नकोच. जागा लक्षात ठेवा, जमलं तर फोटो काढा, कोरडं ठेवा, कलेक्टर कचेरीला कळवा. वाचून हवं असेल तर जाणकार आहेत. पुण्यात १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, नाशिकजवळ अंजनेरीला फक्त नाण्यांच्याच अभ्यासाची संस्था आहे, १९८० पासून. ट्रिपच काढायची असेल तर अंजनेरीला काढा, तिथे चढायला डोंगरही आहे. मी येते.

माझ्या चार नाण्यांचं पत्र गेला महिनाभर अडलं होतं. काका तयार होईनात. "कलेक्टरला कळवलं की शेत जाईल" ही भीती गावात प्रत्येकाला आहे, आणि नुसतं "नाही जात हो काका" म्हणून ती जात नाही. मी कायद्याची प्रत काढून, कलमांवर खुणा करून त्यांना फोनवर वाचून दाखवली. पाचव्या हिश्श्याचं कलम ऐकून तेही हसले. शेवटी गेल्या रविवारी म्हणाले, "पाठव. सही करतो. पण काय गं, त्या दोन तू घासल्यास ते पण लिहिणार का त्यात?"

लिहिलंय. तिसऱ्या ओळीत. डिटेक्टर माझ्या कपाटात आहे, सर्किट डायग्राम ज्याला प्रोजेक्टला हवा त्याने घेऊन जा. कॉइल मात्र मी सोडवली आणि वायर बॉबिनवर परत गुंडाळून ठेवली.